गाडीत जनावर भरण्याआधी



या महिन्याचा अभ्यास जरा वेगळा आहे. बऱ्याच गटांचं बँकेचं कर्ज मंजूर झालंय आणि बहुतेकींच्या ठरावात शेळी, नाहीतर म्हैस आहे. कोणती जात घ्यायची, दात कसे बघायचे, कास कशी बघायची, हे आपल्या पशुसखी ताई तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. मी बोलणार आहे ते बाजार ते गोठा या मधल्या प्रवासाबद्दल. जनावर विकत घेतलं, पैसे दिले, आता गाडीत घालायचं आणि घरी आणायचं. एवढ्याशा गोष्टीला कायदा कशाला, असं मलाही वाटायचं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

आधी ती गोष्ट सांगते, कारण चूक माझीच होती.

आपल्याच एका गटाने शेळ्या घ्यायच्या ठरवल्या. गावाचं नाव लिहीत नाही, त्या ताईंना माहीत आहे. दहा जणी, प्रत्येकी तीन शेळ्या आणि गटासाठी दोन बोकड, म्हणजे बत्तीस जनावरं. बाजार दुसऱ्या जिल्ह्यातला, दोनशे किलोमीटरच्या पुढे. महिना मे. खरेदी होता होता दुपारचा एक वाजला. पिकअपवाला म्हणाला, "दोन गाड्या कशाला ताई, बसतात सगळ्या एकीत." दुसऱ्या गाडीचं भाडं सहा हजार होतं. मी हिशेब केला आणि म्हटलं, वाचतील गटाचे सहा हजार. बोकड, गाभण शेळ्या आणि दोनच दिवसांपूर्वी व्यालेली एक शेळी तिच्या करडांसकट, सगळं एकत्र चढवलं. त्यातल्या एक मावशी म्हणाल्यासुद्धा, "अगं पोरी, दाटी होतीये." मी म्हटलं, "चार-पाच तासांचा तर प्रश्न आहे मावशी."

आठ तास लागले. मध्ये ड्रायव्हर जेवायला थांबला, गाडी उन्हात. रात्री नऊला फाळका उघडला तेव्हा तीन शेळ्या खाली तुडवलेल्या होत्या, मेलेल्या. एकीने दुसऱ्या दिवशी गाभ टाकला. आठवड्यात आणखी दोन गेल्या. पाच शेळ्या, साडेसात हजारांची एक, म्हणजे सदतीस हजार पाचशे रुपये. विमा नव्हता, कारण बिल्ले घरी आल्यावर मारू असं आम्ही ठरवलं होतं. आणि हप्ता तर पहिल्या महिन्यापासून सुरू झाला. ज्या बाईच्या तीनपैकी दोन गेल्या, ती प्रत्येक बैठकीला येऊन बचत भरत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

त्यानंतर मी हे नियम शोधून वाचले. एम.एस.डब्ल्यू. करताना कामगार कायदे शिकले, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा शिकले, पण जनावरांच्या वाहतुकीचा कायदा अभ्यासक्रमात नव्हता. वाचताना मला सारखं वाटत होतं, हा प्रत्येक नियम म्हणजे आमच्या त्या गाडीतली एकेक चूकच आहे.

कायदा कुठून आला

मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्यामागे एक बाई आहे हे तुम्हाला सांगायलाच हवं. रुक्मिणीदेवी अरुंडेल, भरतनाट्यमच्या मोठ्या कलावंत, मद्रासच्या कलाक्षेत्राच्या संस्थापक. १९५२ साली त्या राज्यसभेवर गेल्या आणि जनावरांसाठी त्यांनी स्वतः विधेयक मांडलं. नेहरूंनी सांगितलं की सरकारच असा कायदा आणेल, म्हणून त्यांनी ते मागे घेतलं. मग १९६० मध्ये कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्ष त्याच.

या कायद्याचं कलम ११ सांगतं की जनावराला विनाकारण वेदना होतील अशा पद्धतीने किंवा अशा अवस्थेत नेणं हा गुन्हा आहे. गाडीतून न्या नाहीतर कशातूनही न्या. आणि मालकाने नीट काळजी घेतली नाही, लक्ष ठेवलं नाही, तर मालकही दोषी धरला जातो. "ड्रायव्हरने कोंबल्या, आम्हाला काय माहीत" असं म्हणून आपण सुटत नाही. गटाने शेळ्या घेतल्या की मालक आपण.

दंड ऐकून तुम्ही हसाल. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांत पुन्हा केलं तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० ला ठरलेली रक्कम, तीच अजून आहे. पन्नास रुपयांत आज शेळीला एक वेळची पेंड येत नाही. पण दंडावर जाऊ नका. खरा फटका दुसरीकडे बसतो, त्याच्याकडे पुढे येते.

१९६० च्या कायद्याखाली १९७८ मध्ये वाहतुकीचे नियम झाले, २००१ मध्ये त्यात भर पडली. त्याच वर्षी जनावरं पायी नेण्याचे वेगळे नियम आले. आणि मोटार वाहनांच्या नियमात जनावरांच्या गाडीसाठी एक वेगळा नियम आला, तो १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. आपल्याला एवढं पुरे.

जागा किती

इथे टेप घेऊन बसा. २०१६ पासूनच्या नियमात लिहिलंय की गाय किंवा म्हैस असेल तर प्रत्येक जनावराला कमीत कमी २ चौरस मीटर जागा, आणि शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर. आपल्या फुटांत सांगायचं तर म्हशीला साधारण साडेएकवीस चौरस फूट आणि शेळीला सव्वातीन चौरस फुटांच्या जरा आत.

समजा पिकअपचा हौदा नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे. नऊ गुणिले साडेपाच म्हणजे साडेएकोणपन्नास चौरस फूट. यात म्हशी बसतात दोन. शेळ्या बसतात पंधरा. आम्ही भरल्या होत्या बत्तीस, आणि करडं वेगळी. एका शेळीच्या वाट्याला दीड चौरस फूट आलं. जेवायला बसायचा लाकडी पाट असतो ना, तेवढं. त्यावर आठ तास उभं राहायचं, तेही गाडी वळणावर झुकत असताना.

१९७८ च्या नियमांतही शेळीच्या वजनाप्रमाणे जागा दिली आहे. वीस किलोपर्यंतच्या शेळीला ०.१८ चौरस मीटर, आणि तीस किलोच्या वर गेली की ०.२८. हे आकडे गाडीच्या नियमापेक्षा थोडे कमी आहेत. तुम्ही जास्तीचा धरा, ०.३. लक्षात ठेवायला सोपा आहे. मोठ्या ट्रकबद्दलही सांगून ठेवते: साडेचार-पाच टनांच्या गाडीत चाळीसच्या वर शेळ्या-मेंढ्या नाहीत, आणि कोणत्याही मालगाडीत, म्हणजे ट्रक-टेम्पोत, सहाच्या वर गायी-म्हशी नाहीत. तीन-चार गट मिळून हरियाणातून मुऱ्हा म्हशी आणायचा विचार करतायत असं ऐकते. त्यांनी हा सहाचा आकडा ड्रायव्हरशी बोलतानाच पक्का करावा. रोहतक-हिसार बाजूहून इथवर यायला नुसते तास मोजून चालत नाही, दिवस मोजावे लागतात. त्यात कोणी दहा म्हशी भरून "भाडं परवडतं" म्हणाला, तर ते त्याचं परवडणं आहे.

गाडीच्या नियमात आणखी एक गोष्ट आहे. हौद्यात पक्के कप्पे हवेत, प्रत्येक जनावर आपापल्या कप्प्यात. अशा गाडीला आर.टी.ओ. कडून वेगळा परवाना मिळतो. आणि जनावरांच्या गाडीत दुसरा माल भरायचा नाही. खरं सांगते, आपल्या तालुक्यात अशी कप्प्यांची गाडी मी आजवर एकच पाहिली. पण कोणी विचारतच नाही, म्हणून कोणी करत नाही. दोन-तीन गटांनी एकाच आठवड्यात खरेदी ठरवली तर तशी गाडी लांबून मागवणंही परवडतं, आम्ही एकदा करून बघितलंय. शेळ्यांबरोबर पेंडीची पोती, सायकल, बाजारातून घेतलेला पत्रा, हे सगळं एकाच गाडीत टाकायची आपल्याला सवय आहे. ते पोतं वळणावर शेळीवर पडतं.

कोणाला गाडीत घालायचंच नाही

२००१ ला आलेला नियम यावर स्पष्ट आहे. नुकतंच जन्मलेलं पिल्लू, आजारी, आंधळं, हाडं निघालेलं, लंगडं, थकलेलं जनावर न्यायचं नाही. मागच्या बहात्तर तासांत व्यालेलं न्यायचं नाही. वाटेत विण्याची शक्यता असेल तर न्यायचं नाही. आजारी जनावर दवाखान्यात न्यायचं असेल तर ते नेता येतं, पण इतरांच्यात मिसळून नाही.

आता बाजारातली आपली हौस आठवा. "ओली शेळी, खाली दोन करडं, एका पैशात तीन जनावरं." व्यालेल्या शेळीचं अंग अजून भरून आलेलं नसतं. प्रवासात तिचं पाणी कमी होतं, दूध आटतं, आणि करडांना ज्या दिवसांत चीक-दूध सगळ्यात जास्त हवं त्याच दिवसांत ते मिळत नाही. घ्यायचीच असेल तर पैसे ठरवा, विसार द्या आणि आठवड्याने आणा. व्यापारी थांबत नाही म्हणाला तर दुसरी बघा.

गाभण आणि अगदी लहान जनावरं इतरांत मिसळायची नाहीत. नर आणि मादी एका कप्प्यात नाहीत. लहान करडं आणि त्यांच्या आया वेगळ्या. आमच्या गाडीत दोन बोकड मोकळे होते. आठ तास ते शेळ्यांवर उडत होते आणि एकमेकांना धडका देत होते. जिने गाभ टाकला ती मधोमध होती.

शेळ्या-मेंढ्यांचे १९७८ चे बरेचसे नियम सहा तासांच्या वरच्या प्रवासाला लागू होतात. म्हणून कोणी म्हणेल, आमचा बाजार तीन तासांवर आहे, आम्हाला काय. जागेचा नियम तीन तासांनाही आहे, आणि आजारी-व्यालेल्याचाही आहे. राहिला चारा-पाण्याचा, तर उन्हाळ्यात तीन तासांचे पाच कधी होतात ते कळत नाही. टायर पंक्चर झाला की झालं.

चढवताना आणि वाटेत

गायी-म्हशींच्या नियमात आहे की चारा-पाणी देऊनच गाडीत चढवायचं, आणि वाटेसाठी चारा आणि पाणी बरोबर घ्यायचं, थोडं जास्तच. शेळ्यांनाही वाटेत ठरावीक वेळाने पाणी द्यायचं. बाजारात जनावर पहाटेपासून उभं असतं. व्यापाऱ्याने त्याला किती पाजलंय देव जाणे. कधी कधी पोट मोठं दिसावं म्हणून नको तितकं पाजलेलंही असतं. आपण घेतल्यावर निदान तासभर सावलीत बांधा, पाणी दाखवा, थोडा कडबा किंवा पाला टाका, मग चढवा.

गाडीच्या तळाला घसरू नये असं काहीतरी हवं. नियमात काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या म्हटलंय, आणि शेळ्यांना किमान पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच, पेंढ्याचा थर. लोखंडी पत्र्यावर मुताने चिखल होतो आणि खूर टिकत नाही. एक पडली की बाकीच्या तिच्यावर. आमच्या तिन्ही शेळ्या अशाच गेल्या असणार. पेंढ्याला किती खर्च येतो? गावात मागितला तर फुकट मिळतो.

चढवायला उतार लागतो. ट्रॅक्टरच्या मातीच्या ढिगाला गाडी लावा, किंवा जाड फळी. शेपूट पिरगाळून, कान धरून, दोघांनी उचलून फेकून चढवलेलं जनावर आत जाण्याआधीच घाबरलेलं असतं. गुरांची तोंडं शक्यतो इंजिनाकडे करायची, म्हणजे ब्रेक लागला तर ती बिचकत नाहीत. बरोबर एक माणूस हवाच, ज्याचं काम फक्त जनावरं बघणं आहे. आणि प्रथमोपचाराचं सामान.

शेळ्यांचे पाय बांधायचे नाहीत, त्या उडी मारतील असा धोका असेल तेवढ्यापुरतं सोडलं तर. हे मुद्दाम सांगते, कारण रिक्षाच्या मागे किंवा मोटारसायकलवर चारी पाय बांधून आडवी टाकलेली शेळी आपण रोज बघतो. शेळी रवंथ करणारं जनावर आहे. तिच्या पोटात सतत वायू तयार होतो आणि तो ढेकरेने बाहेर पडतो. आडवी बांधून टाकली की ढेकर येत नाही. वायू साठतो, पोट फुगतं, फुगलेलं पोट फुप्फुसाला दाबतं. "चांगली होती हो, घरी आणेपर्यंत गेली" यातल्या किती शेळ्या अशा गेल्या असतील.

उन्हाचं वेगळं सांगायला नको, तरी सांगते. गाडी चालू असते तोपर्यंत वारा लागतो. थांबली की हौदा म्हणजे तवा, आणि दाटीत प्रत्येक जनावर शेजारच्याला तापवतं. मार्च ते जूनमध्ये दुपारी भरायचंच नाही. पहाटे निघा किंवा ऊन उतरल्यावर. ड्रायव्हरला जेवायला थांबायचं असेल तर झाडाखाली, आणि तेव्हाच पाणी पाजा.

परसातल्या कोंबड्या घेणाऱ्या ताईंसाठी थोडक्यात: तापमान पंचवीस अंशांच्या वर किंवा पंधराच्या खाली असताना कोंबड्या न्यायच्या नाहीत असा नियम आहे. आपल्याकडे मेमध्ये पंचवीस अंश रात्रीसुद्धा सापडत नाहीत, म्हणजे पिल्लांची ऑर्डर थंडीत किंवा पावसाळ्यात द्यायची हे नियमच सांगतोय. ऊन, पाऊस, वाऱ्याचा थेट झोत लागू द्यायचा नाही. एका दिवसाच्या पिल्लांना वाटेत खायला-प्यायला द्यायचं नाही. क्रूर वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण अंड्यातला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात शिल्लक असतो, त्यावर ते पहिले दोन दिवस तग धरतं. म्हणून तर ती जन्मल्या जन्मल्या पाठवतात. खोक्यात पाणी सांडलं तर भिजून गारठतात.

पायी नेणार असाल तर

जवळच्या बाजारातून चालत आणणाऱ्या अजून आहेत, विशेषतः डोंगरपट्ट्यातल्या. पाच किलोमीटर किंवा त्याहून जास्त अंतर असेल तर २००१ चे नियम लागतात. दिवसाला गाय तीस किलोमीटर, म्हैस पंचवीस, शेळी-मेंढी तीस, आणि आठ तासांच्या वर नाही. दर दोन तासांनी पाण्यासाठी आणि चार तासांनी चाऱ्यासाठी थांबा. वासरं आणि रेडकं सोळा किलोमीटरच. सूर्य उगवण्याआधी आणि मावळल्यानंतर चालवायचं नाही. म्हशीला गायीपेक्षा कमी का, हे तुम्हीच मला शिकवलंय: तिची कातडी काळी, घाम कमी, ऊन लागलं की ती डबकं शोधते.

कागद

आता कागदांचं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण रस्त्यात कामाला येतो.

पहिला कागद पशुवैद्यकांचा दाखला, की जनावर प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही. दाखला नसेल तर गाडीवाल्याने जनावर घ्यायचंच नाही, असं नियमात लिहिलंय. तालुक्याच्या किंवा बाजाराजवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतात, त्यांच्याकडे जायचं. बाजार रविवारचा असेल तर आदल्या दिवशी फोन करून ठेवा, नाहीतर डॉक्टर भेटत नाहीत. याशिवाय वाहतुकीचे सगळे नियम पाळले आहेत असं दाखवणारं एक प्रमाणपत्र, प्राणी कल्याण मंडळाने किंवा केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या अधिकाऱ्याकडून किंवा संस्थेकडून घ्यायचं असतं. ते कोण देतं हे त्याच डॉक्टरांना विचारा.

दुसरा, कानातला बिल्ला. बारा आकडी नंबर असतो तो. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही असा सरकारचा आदेश आहे. विकणाऱ्याने बिल्ला मारून आणलेला असला पाहिजे. नंबर तुम्ही स्वतः वाचा, पावतीवर तोच लिहिलाय का बघा, आणि घरी आल्यावर मालकाचं नाव बदलून घ्या. विम्यालाही हाच नंबर लागतो. आणि विमा प्रवासाला धरतो का, हे पॉलिसी घेण्याआधी विचारा आणि लेखी घ्या.

तिसरा, बाजार समितीची पावती.

गाय, बैल, वळू यांच्याबद्दल एक जास्तीची गोष्ट. २०१५ पासून महाराष्ट्रात या तिघांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे त्यांची गाडी जास्त वेळा तपासली जाते. कालवड दुधासाठी आणताय हे दाखवायला गटाच्या खरेदीच्या ठरावाची प्रत आणि बँकेचं मंजुरीपत्र बरोबर ठेवा. हे कायद्याने मागितलेलं नाही, माझा सल्ला आहे.

रस्त्यात गाडी अडवली तर काय? जनावर जप्त करायचा अधिकार शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला आणि राज्य सरकारने त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला आहे. दुसऱ्या कोणी अडवली तर वाद घालू नका, गाडीतून उतरून पळूही नका. ११२ वर फोन करा आणि कागद पोलिसांनाच दाखवा. पैसे मागितले तर देऊ नका. आपण जास्त जनावरं भरलेली नसतील, तरच हे सगळं ताठ मानेनं बोलता येतं.

आता तो खरा फटका. पोलिसांनी गुन्हा नोंदवून जनावरं जप्त केली तर खटला चालू असताना ती पांजरपोळात किंवा गोशाळेत ठेवली जातात. २०१७ च्या नियमांप्रमाणे त्यांचा चारा, औषध, नेण्याचा खर्च आपल्यावर येऊ शकतो, आणि त्यात गाडीचा मालक, पाठवणारा, घेणारा, सगळे बांधलेले असतात. दंड पन्नास रुपये असेल. पण शेळ्या तिकडे, रोजचा खर्च चढतोय आणि हप्ता इकडे.

घरी आल्यावर

कायदा गाडी उघडेपर्यंतच आहे, पण माझी गोष्ट तिथे संपली नव्हती, म्हणून हेही लिहिते. शेवटच्या दोन शेळ्या आल्यानंतर चार-पाच दिवसांनी गेल्या. प्रवासाच्या ताणाने जनावराची ताकद कमी होते आणि अंगात दबून बसलेला रोग डोकं वर काढतो. गुरांमध्ये घटसर्प असाच येतो. शेळ्यांना पी.पी.आर. चं लसीकरण झालंय का ते खरेदीआधी विचारा. नवीन जनावर निदान तीन आठवडे जुन्यांपासून लांब बांधा, वेगळी पाण्याची घमेली. २०२२ मध्ये लंपीच्या वेळी बाजार बंद झाले होते आणि गुरांच्या वाहतुकीवर बंदी आली होती, आठवतंय ना? रोग गाडीत बसूनच गावोगाव फिरतो. आल्या आल्या खुराक घालू नका. आधी पाणी, थोडं थोडं, गूळ-मीठ घालून चालेल, मग सुका चारा, पेंड दुसऱ्या दिवसापासून. सर्दी, धाप, हगवण दिसली तर पशुसखीला बोलवा किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा.

त्या गटाचं काय झालं असं तुम्ही विचाराल. ज्या मावशींनी दाटी होतीये म्हटलं होतं, त्यांनीच पुढच्या बैठकीत मांडलं की नुकसान दहा जणींनी वाटून घ्यायचं, आणि राहिलेल्या शेळ्यांच्या पहिल्या करडांतून ज्यांच्या गेल्या त्यांना एकेक पाट द्यायची. सगळ्या तयार नव्हत्या. दोन बैठका भांडणात गेल्या. शेवटी आठ जणींनी सही केली, दोघींनी नाही केली. पाटी दिल्या गेल्या. गेल्या महिन्यात त्या गटाने दुसरी खरेदी केली तेव्हा मला बाजाराला बोलावलं नाही, फक्त फोटो पाठवला: दोन गाड्या, खाली पेंढा, आणि टेप हातात घेतलेल्या मावशी.

बैठकीत करायचं काम

गावात जी गाडी तुम्ही नेहमी भाड्याने घेता तिचा हौदा मोजा. लांबी गुणिले रुंदी, फुटांत. त्याला सव्वातीनने भागलं की शेळ्या, साडेएकवीसने भागलं की म्हशी. अपूर्णांक आला तर खालचा आकडा घ्या. गाडीचा नंबर आणि हे दोन आकडे गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा, आणि ड्रायव्हरदादांना बैठकीत बोलावून वाचून दाखवा. ज्या गटांनी ठरावात "वाहतूक" या शीर्षाखाली एकाच गाडीचं भाडं धरलंय, त्यांनी तो आकडा पुढच्या बैठकीत दुरुस्त करून माझ्याकडे पाठवावा. बँकेला सुधारित अंदाजपत्रक द्यायचं आहे.